भरताच्या आठ वाट्या

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईला लोक काय काय विचारतात ते लिहायला बसले तर हा दिवाळी अंक माझ्या एकटीलाच लागेल. पावसाचं विचारतात, निवडणुकीचं विचारतात, मुलीला आलेल्या दोन स्थळांपैकी कोणतं बरं हेही विचारतात. धुळ्याला पहिली नोकरी लागली तेव्हा माझ्या घरमालकीणबाई कुणाकुणाच्या पत्रिका आणून माझ्यापुढे ठेवायच्या. ही मुलगी आकडेमोड करते म्हणजे कुंडलीही मांडत असणार, असा त्यांचा साधा हिशेब. मी नाही म्हटलं की त्यांना वाटायचं, शिकलेल्या बायका भाव खातात.

पुढे जळगावच्या एका कॉलेजात आले आणि तिथूनच निवृत्त झाले. शिकवायचे विषय तेच: संभाव्यता, तिची वितरणं, नमुन्यावरून अंदाज, आणि शेवटी गृहीतकाची चाचणी. मुलं या शेवटच्या प्रकरणाला घाबरायची आणि परीक्षेपुरती सूत्रं घोकायची. बाहेरची माणसंही अधूनमधून यायची. एक डाळमिलवाले शेटजी आले होते. घराणं राजस्थानातलं, पण त्यांच्या कितीतरी पिढ्या इथेच गेलेल्या. त्यांच्या यंत्रातून भरून निघणाऱ्या पिशव्यांची वजनं कमीजास्त येत होती. मी नमुना घेतला, वजनं केली आणि त्यांना लिहून दिलं की सरासरी वजन इतक्यापासून इतक्यापर्यंत आहे, पंच्याण्णव टक्के खात्रीने. शेटजींनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, हे पाच टक्के का कापून घेतले? पूर्ण शंभर करून द्या. मी म्हटलं, शंभर टक्के खात्री हवी असेल तर रिकाम्या पिशवीपासून भरल्या पोत्यापर्यंत असं लिहून देते. ते हसले आणि म्हणाले, पंच्याण्णवच राहू द्या मॅडम.

अशा गमती पुष्कळ आहेत आणि निवृत्तीच्या समारंभात मी त्या सांगून हशाही वसूल केला. पण एक गोष्ट मी तिथे सांगितली नाही. ती नानांची.

नाना मूळचे अमळनेरकडचे. जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपतं तिथे, त्यांचं भरताचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे अंगण आणि अंगणाला लागून घर. थंडी पडली की आमच्याकडे भरताच्या पार्ट्या सुरू होतात हे खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. इथली भरताची वांगी हिरवी-पांढरी आणि चांगली मोठी. ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, सोलायची आणि मिरची-लसूण घालून बडगीत कुटायची. बडगी म्हणजे लाकूड कोरून केलेलं खोलगट, जाड भांडं. मग शेंगदाणे, कांद्याची पात, वरून फोडणी, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. पाहुण्याला पोटभर भरीत खाऊ घातलं नाही तर हिवाळ्यात आपण त्याचं काही केलंच नाही असं आम्हाला वाटतं.

आमच्या विभागाच्या स्नेहसंमेलनाला दरवर्षी नानांचंच भरीत असायचं. पहिल्यांदा ऑर्डर द्यायला गेले तेव्हा मी विचारलं होतं, एवढ्या मुलांना वांगी किती लागतील? नानांनी एक आकडा सांगितला नाही. कमीत कमी इतकी, जास्तीत जास्त इतकी, आणि पोरं क्रिकेट खेळून येणार असतील तर वरच्या बाजूची धरा, असं म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी वर्गात तेच सांगितलं. अंदाज हा असा असतो, म्हटलं. एकच आकडा ठामपणे सांगणाऱ्यापेक्षा कुठून कुठपर्यंत ते सांगणारा माणूस जास्त खरं बोलतो. वांग्यांच्या ढिगाचंही उदाहरण मी तेव्हापासून द्यायला लागले. ढिगात मध्यम वांगी सगळ्यात जास्त, अगदी लहान थोडी, अगदी मोठी थोडी. आकाराप्रमाणे रचून ठेवली तर मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असा आकार दिसतो. मुलांना घंटेच्या आकाराचा आलेख फळ्यावर समजायचा नाही, वांग्यांवर समजायचा.

नानांची एक सवय होती. भरताचा प्रत्येक घाणा कुटून झाला की ते बोटावर थोडं घ्यायचे, जिभेवर ठेवायचे आणि तिथल्या तिथे सांगायचे. मीठ पाहिजे. लसूण जळका आला. काड्या ओल्या होत्या. सांगताना ते कुणाकडे पाहायचे नाहीत आणि कुणाला विचारायचेही नाहीत. पुढच्या माणसाने ऐकायचं आणि तसं करायचं. मी कितीदा तिथे उभी राहून हे पाहिलं असेल, आणि दरवेळी मला त्यांचा थोडा हेवा वाटायचा. माझ्या विषयात कुणालाच इतकं ठाम बोलता येत नाही.

नानांचा मुलगा योगेश माझा विद्यार्थी. हुशार आणि शब्दाला पक्का. संख्याशास्त्रात पदवी घेऊन तो दुकानातच आला, कारण नानांना एकट्याने झेपत नव्हतं. त्याची बायको सुवर्णा कुटण्याचं आणि फोडणीचं बघायची. एकदा योगेश माझ्याकडे घरी आला तो अडचण घेऊनच. काड्या मिळेनाशा झाल्या होत्या. शेतकरी आता कपाशी उपटून यंत्राने बारीक करून शेतातच टाकतात. धुराबद्दल शेजारचे भांडत होते. आणि सुवर्णाचे डोळे. दिवसभर धुरात बसून ते लाल व्हायचे आणि सुजायचे, डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून बजावलं होतं. योगेशला गॅसची भट्टी लावायची होती. नाना म्हणत होते, गॅसवरचं भरीत मी एका घासात ओळखतो, गिऱ्हाईकही ओळखेल, आणि मग दुकान चालणार नाही. योगेश म्हणत होता, नाना, हा तुमच्या मनाचा खेळ आहे, कुणालाही ओळखू येत नाही.

घरात रोज धुसफूस चालली होती. शेवटी नानांनीच त्याला सांगितलं होतं की तुझ्या मॅडमला बोलाव, त्या सांगतील तसं करू. ओळखलं तर काड्या राहतील, नाही ओळखलं तर मी गॅसला नाही म्हणणार नाही.

आमच्या पुस्तकात चाखून ओळखण्याच्या चाचणीचं उदाहरण असतंच, तिथे चहाचे कप असतात. मी भरताच्या वाट्या घेतल्या. आठ वाट्या: चारांतलं भरीत काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं, चारांतलं गॅसवरच्या. नानांना सांगितलं होतं की चार-चार आहेत, त्यांनी फक्त वेगळ्या करायच्या. बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून एवढंच सांगते. चाचणीत आपण आधी धरून चालतो की माणूस ओळखत नाही, नुसता अंदाज मारतो. मग बघायचं की नुसत्या अंदाजाने असा निकाल कितीदा येईल. आठही वाट्या बरोबर लावणं हे अंदाजाने सत्तरात एकदा जमतं. इतकं क्वचित घडणारं समोर घडलं, तर हा अंदाज नाही, या माणसाला कळतं, असं म्हणायचं. म्हणून नियम मी आधीच सांगून ठेवला होता: आठच्या आठ बरोबर आल्या तर नाना जिंकले. नियम आधी सांगावा लागतो, नाहीतर निकाल बघून प्रत्येकजण आपल्या सोयीचा नियम काढतो. हेही मी त्यांना सांगितलं होतं आणि योगेशला ते पाठच होतं.

बाकी सगळं दोन्हीकडे सारखं ठेवायचं. एकाच शेतातली वांगी, मिरची-मीठ मोजून, फोडणी एकसारखी. कशात कुटायचं हे ठरवताना योगेशने मिक्सरच्या भांड्याचं नाव काढलं आणि नाना उखडले.

"बडगी मनीच राही, ताई," ते मला त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "दुसरा भांडामा कुटेल भरीत मी तोंडमा घालत नही."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. आठही घाणे एकाच बडगीत कुटले की भांड्याचा फरक आपोआप निघून जातो. कुणीही संख्याशास्त्राचा माणूस हेच म्हणाला असता. दर घाण्यानंतर सुवर्णाने बडगी गरम पाण्याने घासून धुवावी असं ठरलं.

रविवारी सकाळी चाचणी झाली. कोणत्या वाटीत काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मागच्या अंगणात योगेश आणि सुवर्णा कुटत होते आणि वाट्या पुढे पाठवत होते. मी नानांसमोर बसले होते आणि कोणती वाटी कसली हे मलाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असतं तर माझ्या आवाजावरून त्यांना कळलं असतं. नानांनी स्वतःच डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला होता, रंगावरून ओळखलं असं कुणी म्हणायला नको म्हणून. शेजारपाजारचे चार लोक उभे होते.

पहिल्या तीन वाट्या त्यांनी घास घेताच सांगितल्या. काड्या, काड्या, गॅस. चौथीला त्यांनी दुसरा घास घेतला. पाचवीला पाणी पिऊन परत चाखलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. सहावी वाटी ते बराच वेळ हातात धरून बसले, मग हळूच उजवीकडे ठेवली, मग उचलून डावीकडे ठेवली. मला वाटलं त्यांना दडपण आलं असेल. एवढ्या वर्षांत ज्या माणसाला कुणी प्रश्न विचारला नाही त्याची परीक्षा चालली होती.

रुमाल सोडला, वाट्या उचलून बुडाची खूण पाहिली. आठांपैकी सहा बरोबर होत्या. काड्यांची एक वाटी गॅसमध्ये गेली होती आणि गॅसची एक काड्यांत.

शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाना माझ्याकडे बघत होते.

"आठमाईन सहा बरोबर शेतस ना, ताई? मंग?"

मी त्यांना समजावलं. नुसता अंदाज मारला तरी साधारण चारातून एकदा सहा किंवा त्याहून जास्त बरोबर येतात. चारातून एकदा म्हणजे काही क्वचित नव्हे. त्यामुळे तुम्हाला ओळखता येतं असं सिद्ध झालं नाही. योगेश मधेच म्हणाला, म्हणजे फरक नाही. मी लगेच त्याला थांबवलं. फरक नाही असं नव्हे, म्हटलं, फरक दाखवता आला नाही, एवढंच. आठ वाट्यांत यापेक्षा जास्त कळत नाही. वर्गात हे वाक्य मी इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की योगेशने मान हलवली.

"ते बरोबर आहे मॅडम," तो म्हणाला. "पण उद्या गॅसची भट्टी लावायची का नाही, ते सांगा."

 चाचणीतून एवढंच कळतं की पुरावा पुरला की नाही. पुरला नाही तर काय करायचं, ते घरच्या माणसांनी ठरवायचं असतं. मी तसं म्हणाले. सुवर्णा दारात उभी होती, पदराने डोळे टिपत होती. धुराने की कशाने ते मी विचारलं नाही. नाना उठले, त्यांनी आठही वाट्या एकात एक घातल्या आणि नळाखाली नेऊन ठेवल्या. जाता जाता योगेशला म्हणाले, लाव तुझा गॅस. त्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला आवडलं नाही.

घरी येताना मी मनाला सांगत होते की सगळं रीतसर झालं. चिठ्ठ्या होत्या, नियम आधी ठरला होता, कुणी कुणाला फसवलं नव्हतं. सुवर्णाच्या डोळ्यांचा त्रास तरी वाचेल. हे सगळं खरंच होतं.

गॅसची भट्टी लागली. तो हिवाळा दुकान जोरात चाललं. एकाही गिऱ्हाइकाने चव बदलली असं म्हटलं नाही, आणि योगेशला आपलं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं. आमच्या विभागाची ऑर्डर द्यायला मी गेले तेव्हा घाणा कुटून तयार होता. सुवर्णाने नेहमीसारखी बडगी नानांसमोर धरली. नानांनी हात पुढे केला नाही. तूच चाख, म्हणाले, आणि रस्त्याकडे बघत बसले. सुवर्णा माझ्याकडे बघून ओशाळली. मी वांग्यांचा अंदाज विचारला तर तोही त्यांनी योगेशला विचारायला सांगितला.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला ती जुनी बडगी चिरली. नानांच्या वडिलांच्या वेळची होती म्हणे. योगेशने नवी करून आणली. आणि पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. भरीत नुसतं उकडल्यासारखं लागतं, पूर्वीचा वास नाही, आचारी बदलला का? गिऱ्हाईक कमी झालं. योगेश माझ्याकडे धावत आला. वांगी तीच, गॅस तोच, हात सुवर्णाचाच, मग बदललं काय, असं तो विचारत होता. आणि विचारता विचारताच थांबला. आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

वर्षानुवर्षं काड्यांवरची वांगी त्या बडगीत कुटली गेली होती. लाकडात धूर मुरला होता. गरम पाण्याने घासून तो जाणार नव्हता. पहिला हिवाळा गॅसवरच्या वांग्यांना धुराचा वास ती बडगी देत होती, म्हणून कुणाला काही कळलं नाही. आणि चाचणीच्या दिवशीही तेच झालं होतं. पहिल्या दोन वाट्या काड्यांच्या होत्या, पुढच्या घाण्यांना त्यांचा ताजा वास लागत गेला, आणि नानांना चौथ्या वाटीपासून अडखळायला झालं. सगळं सारखं ठेवायचं म्हणून आम्ही जे भांडं सारखं ठेवलं, त्यानेच फरक पुसून टाकला. नानांनी हट्टाने आपली बडगी मागितली नसती तर ते बहुतेक जिंकले असते. मिक्सरचं भांडं घेऊन आठच्या आठ वाट्या त्यांनी लावल्या असत्या असं आज मला वाटतं, पण तेही सिद्ध करता येणार नाही.

मला फार वाईट वाटलं. चूक कुणाची म्हणायची? नानांनी आपल्या कामाच्या शिस्तीने बडगी मागितली, मी माझ्या विषयाच्या शिस्तीने ती मान्य केली, सुवर्णाने ती घासून घासून धुतली. तिघांनीही आपलं काम चोख केलं आणि त्या चोखपणात एक माणूस खाली बसला.

त्याच दुपारी मी योगेशबरोबर गेले. नाना मागच्या अंगणात खाटेवर होते. मी त्यांना बडगीचं सगळं समजावून सांगितलं. तुमची जीभ चुकली नव्हती, म्हटलं, वाट्याच एकमेकींत मिसळल्या होत्या. योगेशही म्हणाला, नाना, आपण परत करू, नवी बडगी आहे, अजून एक आणू, या वेळी काड्यांना एक, गॅसला एक, वेगळ्या ठेवू. तुम्ही जिंकलात तर आठवड्यातून दोन दिवस काड्या पेटवू, सुवर्णाला त्या दिवशी सुट्टी, मी भाजेन.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आते सांगीसन काय, ताई?" ते म्हणाले. "त्या दिनपाईन घास तोंडमा टाका का मन म्हणस, तुले काय समजस?"

त्या दिवसापासून घास तोंडात टाकला की त्यांचं मनच त्यांना विचारत होतं, तुला काय कळतं? माझ्या सगळ्या विषयात असं धरलेलं असतं की मोजल्याने मोजलेली गोष्ट बदलत नाही. पिशवीचं वजन केलं म्हणून पिशवी हलकी होत नाही. माणसाचं तसं नाही, आणि हे मला निवृत्तीच्या वयात कळावं याची खंत आहे.

योगेश ऐकेना. त्याने अंगणातच थोड्या काड्या गोळा करून पेटवल्या आणि दोन वांगी भाजली. सुवर्णाने नव्या बडगीत ती कुटली आणि तीन ताटल्यांत भरीत आणलं. मी घास घेतला. धुराचा वास इतका स्पष्ट होता की माझ्यासारख्या बाईलाही कळला. नानांना कुणी डोळे बांधायला सांगितलं नव्हतं. काड्या त्यांच्यासमोर पेटल्या होत्या, राख अजून गरम होती.

त्यांनी घास घेतला, सावकाश चावला.

"काड्यावरनं शे," ते हळूच म्हणाले. आणि योगेशकडे बघून विचारलं, "बरोबर शे का रे?"

योगेश म्हणाला, हो नाना, बरोबर आहे. नानांनी मान हलवली, आणि दुसरा घास घेण्याआधी पुन्हा एकदा त्याच्याकडे पाहिलं.